यूएसबीवर चोक लावला, तरी चेंबरमध्ये फेल. आता काय करू?

कथिलवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं भागीदार भोसरीत दूध संकलन केंद्रांसाठी एक डबा बनवतो. काटा आणि फॅट मशीन त्याला आरएस-२३२ने जोडायचं, उत्पादकाचा कोड टाकायचा, की लिटर, फॅट, एसएनएफ, दर सगळं पडद्यावर येतं आणि पावती निघते. जुना डबा आठ-बिटी कंट्रोलरचा होता. चार ओळींचा डिस्प्ले, बाकी काही नाही. त्याने कधी कुणाला त्रास दिला नाही. नव्या डब्यात लिनक्सचं तयार मॉड्यूल, ७ इंची ८०० बाय ४८०चा रंगीत पडदा, एक इथरनेट आणि दोन यूएसबी आहेत. एका यूएसबीला पावतीचा प्रिंटर, दुसऱ्यात सचिव महिन्याचा हिशोब पेनड्राइव्हवर घेतात. बोर्ड चार लेयरचा आहे. खोकं एबीएस प्लास्टिकचं, तळाला पत्रा.

एका मोठ्या खरेदीदाराने सिस्पर ३२, क्लास बीचा रिपोर्ट मागितला, म्हणजे डब्यातून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट मर्यादेत आहे याचा. आम्ही मोठ्या रुबाबात चेंबर (हा गोंगाट मोजायची बंद खोली) बुक केलं आणि पहिल्या अर्ध्या तासात तोंडावर आपटलो. ३ मीटरवरचे आकडे असे: १६६.५ मेगाहर्ट्झला ४९ डीबी, मर्यादा ४०. २३३.१ला ५२ आणि २९९.७ला ५०, तिथे मर्यादा ४७. लॅबमधला मुलगा चांगला होता. म्हणाला, एकेक केबल काढून बघा. प्रिंटरची यूएसबी केबल काढली आणि तिन्ही शिखरं धाडकन खाली आली. म्हणजे चोर सापडला, असं आम्हाला वाटलं.

परत आलो आणि यूएसबीच्या डी-प्लस, डी-मायनस या डेटा तारांवर कॉमन मोड चोक (दोन्ही तारांवर एकाच दिशेने येणारा गोंगाट अडवणारं वेटोळं) बसवला, १०० मेगाहर्ट्झला ९० ओहमवाला, ०८०५ आकाराचा. पुन्हा चेंबर, पुन्हा पैसे. फरक एक डीबी, तोही मोजण्यातला असेल. मग भागीदार म्हणाला, ताकद वाढवू. ३७० ओहमचा चोक लावला, तर पेनड्राइव्ह ओळखणंच बंद झालं. कधी लागतो, कधी नाही. पाच व्होल्टच्या लाइनवर ६०० ओहमचा फेराइट बीडही (गोंगाट गिळणारा मणी) टाकलाय. यूएसबीची शील्ड (केबलवरची धातूची जाळी) आणि ग्राउंड यांच्यात १ मेगओहम आणि ४.७ नॅनोफॅरड आहे, ते मॉड्यूलच्या कंपनीच्या नमुना सर्किटमधून जसंच्या तसं उचललंय.

माझा प्रश्न सरळ आहे: यूएसबीसाठी यापेक्षा दमदार पण छोटा फिल्टर कुठला? जागा फार नाही, कनेक्टरच्या मागे जेमतेम १२ मिलिमीटर.

जाता जाता एक गंमत. इंदापूरकडच्या एका केंद्रावर डबा चाचणीसाठी ठेवला होता. तिथल्या सचिवांची तक्रार अशी की डबा चालू केला की त्यांच्या एफएम रेडिओवर शंभरच्या अलीकडे फुसफूस येते. आम्ही म्हटलं, अँटेना वाकडी असेल.

पावशेर_फ्लक्स

घराचा ईएमआय परवडला, बोर्डाचा ईएमआय (हाच तो रेडिओ गोंगाट) नको! आमच्याकडे यावर एकच औषध: प्रिंटरच्या केबलवर प्लास्टिकच्या कवचातला फेराइट ठोकळा चिकटवायचा, जुन्या मॉनिटरच्या केबलला असायचा तसा. लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतो. पास झालात की पेढे.

जुना_तारवाला

पावशेर, ठोकळा लावून रिपोर्ट मिळेल, पण केंद्रावरचा पोरगा पहिल्या महिन्यात दुसरी केबल लावेल आणि ठोकळा शेळीच्या गळ्यात दिसेल. मात्र तपासणीपुरता तो उपयोगाचा आहे, त्यावर पुढे येतो.

कथिलवाले, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 'जाता जाता' सांगितलीत. वही घ्या आणि भागाकार करा. १६६.५, २३३.१, २९९.७. दोन शेजाऱ्यांतलं अंतर ६६.६. त्याचं निम्मं ३३.३. आता ३३.३ला ५, ७ आणि ९ने गुणा, तुमची तिन्ही शिखरं दशांशासकट येतात. ३ने गुणा, ९९.९ येतं. ही सचिवांची फुसफूस. अँटेना सरळ होती हो त्यांची.

यूएसबी हाय-स्पीडचा वेग ४८० मेगाबिट. तिचा दोष असता तर ४८०च्या आसपास काहीतरी दिसलं असतं, ६६च्या पायऱ्या कशाला पडतील? ३३.३ मेगाहर्ट्झ हे ८०० बाय ४८०च्या पडद्याचं नेहमीचं पिक्सेल क्लॉक आहे, म्हणजे पडद्याला एकेक ठिपका पाठवण्याचा ठोका. तुमचा पडदा चाळीस पिनांच्या चपट्या पट्टीवर समांतर आरजीबीने जोडलेला असणार, पैज लावतो. क्लॉक निम्मा वेळ वर, निम्मा वेळ खाली, म्हणून विषम हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या ३, ५, ७ अशा पटी) माजतात आणि सम जवळजवळ गायब असतात.

मग केबल काढल्यावर शिखरं का पडली? मांडवात गाणारा कोण आणि खांबावरचा कर्णा कुठला, यात तुम्ही गल्लत केलीत. कर्ण्याची वायर तोडली की आवाज बंद होतो, म्हणून कर्णा गात होता असं म्हणतो का आपण? प्रिंटरची केबल साधारण ९० सेंटिमीटर आहे का? १६६.५ची तरंगलांबी १ मीटर ८० सेंटिमीटर, तिचं निम्मं बरोबर ९०. म्हणून तिसऱ्या हार्मोनिकला नुसती फुसफूस आणि पाचव्याला बोंब.

किती करंट लागतो याचा अंदाज घ्या. १ मीटरची केबल, ५० मेगाहर्ट्झ, कॉमन मोड करंट (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा) फक्त ५ मायक्रोअँपिअर. गणित केलंत तर ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या किंचित वर जातं, म्हणजे ४० डीबी, म्हणजे तुमची मर्यादा संपली. आपण मल्टिमीटरवर ज्याला शून्य म्हणतो, त्याच्या कितीतरी आतला खेळ आहे हा.

आता चोकविषयी. तुमचा चोक खराब नाही, तो चुकीच्या वाटेवर पहारा देतोय. केबलमध्ये दोन डेटा तारा आहेत, पाच व्होल्ट आहे, ग्राउंड आहे आणि वरून जाळी आहे. पाटाचं एक दार घट्ट लावलं आणि बाकीची उघडी ठेवली, तर पाणी थांबतं का? पडद्याच्या क्लॉकने तुमचं बोर्डाचं ग्राउंडच हलतंय, आणि ते हलणारं ग्राउंड जाळीवाटे सरळ बाहेर चाललंय. डेटा तारांवर ९० ठेवा नाहीतर ९०००. बाहेरचा फेराइट ठोकळा मात्र लागू पडतो, कारण त्याच्या भोकातून पाचही वाटा एकत्र जातात. म्हणून म्हटलं, तपासणीला घ्या: ठोकळ्याने शिखर पडलं आणि चोकने पडलं नाही, तर करंट डेटा तारा सोडून दुसऱ्या वाटेने, बहुधा जाळीवरून, चाललाय हे पक्कं.

तो १ मेगओहम आणि ४.७ नॅनोफॅरड. हे जोडपं शेकडो बोर्डांवर पाहिलंय, कुणी का लावलंय ते विचारलं की 'रेफरन्समध्ये होतं' हेच उत्तर. कपॅसिटरच्या शरीराची आणि व्हायाची (बोर्डाचे थर जोडणारं भोक) मिळून १ नॅनोहेन्री इंडक्टन्स धरा, तरी ४.७ नॅनोफॅरड ७३ मेगाहर्ट्झच्या वर कपॅसिटर राहतच नाही, इंडक्टर होतो. तिथपर्यंत जाणारा ट्रेस बारीक आणि दीड-दोन सेंटिमीटर असेल, तर १२ नॅनोहेन्री आणखी मिळवा. २३३ला ते १७-१८ ओहम होतात. ज्याला तुम्ही शील्डचं ग्राउंड म्हणताय, तो तिथे रेझिस्टर लावल्यासारखाच आहे. कनेक्टरचे कान सरळ तळाच्या पत्र्याला आणि बोर्डाच्या ग्राउंडला, तिथल्या तिथे, रुंद तांब्याने जोडा. वाटेत काही नको. तुमच्या डब्यात ती दोन ग्राउंडं वेगळी ठेवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

छोटा फिल्टर हवा म्हणालात ना? तो लावा, पण मॉड्यूलच्या तोंडाशी, पिक्सेल क्लॉकच्या लाइनवर. ३३ ओहम सिरीजमध्ये आणि पुढे ४७ पिकोफॅरड ग्राउंडला. ड्रायव्हरचे स्वतःचे पंचवीसेक ओहम धरले तर ६० मेगाहर्ट्झच्या आसपास उतार सुरू होतो, कडा ६ नॅनोसेकंदांची होते. तुमचा एक क्लॉक ३० नॅनोसेकंदांचा आहे, पडद्याला चालायला हवं. पण पडद्याच्या डेटाशीटमधला सेटअप आणि होल्ड (क्लॉकच्या कडेआधी आणि नंतर डेटा किती वेळ स्थिर हवा ते) बघूनच. २४ डेटा लाइन्सना चार-चार लाइनचे तयार फिल्टर ॲरे मिळतात, तांदळाच्या दाण्याएवढे, ते पुढच्या बोर्डात. आधी क्लॉक. आणि त्याही आधी फुकटातलं औषध: मॉड्यूलच्या पॅड सेटिंगमध्ये ड्राइव्ह स्ट्रेंग्थ (पिन सिग्नल किती जोरात ढकलते ते) बहुधा वरच्या टोकाला ठेवलेली असेल, ती दोन पायऱ्या खाली आणा.

एकच ताकीद. त्या ४७ पिकोफॅरडचा ग्राउंडचा पाय जिथे आहे तिथेच व्हाया, शेजारीच. पाच-सात मिलिमीटरची शेपटी ठेवलीत तर फिल्टर लावला काय, न लावला काय.

पाच व्होल्टवरचा बीडही तपासा. ६०० ओहम हा आकडा करंट शून्य असतानाचा. ५०० मिलिअँपिअरचा बीड आणि प्रिंटर ४५० ओढतोय, तर फेराइट तृप्त होऊन बसतो आणि ६००चे किती उरतात ते उत्पादकाच्या आलेखात बघा, धक्का बसेल. २-३ अँपिअरचा घ्या. त्याच्या बाहेरच्या बाजूला तीन टोकांचा फीडथ्रू कपॅसिटर लावलात तर उत्तम, साध्या दोन टोकांच्यापेक्षा त्याची इंडक्टन्स फार कमी असते.

हे सगळं करण्याआधी दोन प्रयोग. यूएसबी सॉफ्टवेअरमधून बंद करा पण केबल लावलेली ठेवा, आणि शिखर बघा. मग उलट, यूएसबी चालू ठेवून पडद्याचं क्लॉक बंद करा. चेंबरचे पैसे नका घालवू, टेबलावर होतं हे. टायनीएसए नावाचा खिशातला स्पेक्ट्रम ॲनालायझर मिळतो, खालच्या इनपुटवर ३५० मेगाहर्ट्झपर्यंत बघता येतं. तोच जुना फेराइट ठोकळा घ्या, आतून तीन-चार वेढे मारून कोॲक्सला डाग द्या, झाला तुमचा करंट क्लॅम्प. केबलभोवती लावायचा. आकडे खरे नसतील, पण वाढलं की कमी झालं ते कळतं. ८८ ते १०८मध्ये एफएम स्टेशनांची गर्दी दिसेल, घाबरू नका.

मेघना_व्हाया

तारवालाकाकांनी बहुतेक सांगितलंच. मी गाड्यांच्या इथरनेटवर काम करते, चोक हा माझा रोजचा भाजीपाला. पेनड्राइव्ह का रुसला तेवढं सांगते, कारण त्याचं उत्तर राहिलं.

यूएसबी २ हाय-स्पीडला पोचण्याआधी फुल-स्पीडमधून जाते. तिथे 'दोन्ही तारा एकदम खाली' अशी एक अवस्था असते, एसई-झीरो. रीसेट म्हणजे तीच, पॅकेट संपल्याची खूणही तीच. दोन्ही तारा एकाच दिशेने हलणं ही कॉमन मोडचीच व्याख्या झाली. मग चोक बिचारा आपलं काम इमानाने करतो आणि तुमची खूणच दाबतो. ९० ओहमला खपून जातं, ३७०ला कड वाकते, वर वळसा येतो आणि काही पेनड्राइव्ह गोंधळतात. शिवाय मोठ्या चोकमध्ये सिग्नलचा स्वतःचा मार्गही यूएसबीला लागतो तसा ९० ओहमचा राहीलच असं नाही. म्हणून चोक निवडताना फक्त कॉमन मोडचा आकडा बघू नका, डिफरन्शियल मोडमध्ये (दोन तारा उलट दिशेने हलतात तो, म्हणजे खरा सिग्नल) किती मेगाहर्ट्झपर्यंत स्वच्छ जातं तो आलेख आधी बघा. यूएसबी ३ किंवा एचडीएमआयला तर तोच आधी.

आमच्याकडे १०० मेगाबिटच्या एका जोडीच्या इथरनेटला २०० मायक्रोहेन्रीचा चोक लागतो. तिथे खरी मारामारी असते ती दोन वेढे किती सारखे आहेत यावर. किंचित असमतोल झाला की चोक स्वतःच डिफरन्शियलचं कॉमन मोडमध्ये रूपांतर करतो. म्हणजे राखणदारच आंबे चोरतो.

आणि आकार लहान असण्याचा फायदा फक्त जागेचा नाही. इनपुट ते आउटपुट अर्धा पिकोफॅरड कपॅसिटन्स असला तरी १ गिगाहर्ट्झला तो ३१८ ओहमचा आडरस्ता होतो. मग चोकवर १००० लिहिलेलं असो. मोठ्या वेढ्यांचा चोक २०० मेगाहर्ट्झला बाजी मारतो आणि वर हरतो.

कथिलवाला_भोसरी

काका, मेघनाताई, बारा दिवसांनी उत्तर देतोय, माफ करा. मध्ये गौरी-गणपती आले, आणि आधी सगळं करून बघायचं होतं.

पैज तुम्ही जिंकलात. चाळीस पिनांची पट्टी, समांतर आरजीबी, त्यात ग्राउंडच्या पिना मोजून चार. प्रिंटरची केबल ९२ सेंटिमीटर.

टायनीएसए मागवला. ठोकळ्याचा क्लॅम्प केला, पहिला डाग कोरडा गेला म्हणून एक संध्याकाळ वाया. यूएसबी बंद केली, केबल तशीच ठेवली: शिखर ढिम्म हललं नाही. पडद्याचं क्लॉक बंद केलं: सपाट. भागीदार आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. दोन चेंबरचे पैसे डोळ्यांसमोर आले.

ड्राइव्ह स्ट्रेंग्थ खरंच वरच्या टोकाला होती. दोन पायऱ्या खाली आणली, १६६.५ टेबलावर ४ डीबीने उतरलं. एक ओळ बदलून! मग ३३ ओहम आणि ४७ पिकोफॅरड. इथे मी तुमची ताकीद विसरलो. बोर्डावर कपॅसिटरला जागा नव्हती म्हणून तो हवेत उभा केला आणि सेंटीमीटरभर तारेने ग्राउंडला डाग दिला. १६६.५ जेमतेम १ डीबी उतरलं, २९९.७ वर चढलं. रात्री अकरा वाजता तुम्हाला शिव्या घालायच्या बेतात होतो. मग ताकीद आठवली, ब्लेडने हिरवा थर खरवडला, क्लॉकच्या लाइनशेजारचं ग्राउंडचं तांबं उघडं केलं आणि तोच कपॅसिटर तिथे आडवा झोपवला. १६६.५ आणखी ७ डीबीने खाली, २९९.७ त्याहून जास्त. भाग तोच, लाइन तीच, फक्त ती सेंटीमीटरभर तार गेली.

शील्डचं जोडपं काढून टाकलं, कनेक्टरचे कान तळाच्या पत्र्याला जोडले. पडद्याची धातूची चौकट अधांतरी होती, तीही तांब्याच्या टेपने दोन जागी ग्राउंडला घेतली. हे तुम्ही सांगितलं नव्हतं, पण पट्टीवर प्रोब फिरवताना चौकटीच्या कडेला जोर दिसत होता.

काल तिसऱ्यांदा चेंबर. १६६.५ला ३३, २३३.१ला ३८, २९९.७ला ३६. पास! फक्त २५० मेगाहर्ट्झला नवीन काहीतरी ४४वर दिसतंय, आधी गर्दीत लक्षात आलं नव्हतं. मर्यादा ४७ आहे, चालेल ना? आणि आता ते ९० ओहमचे चोक पुढच्या बोर्डातून उडवू का? दोन चोकचे पैसे वाचतील.

जुना_तारवाला

चौकटीची टेप छान. हे सांगायला हवं होतं मी, विसरलो.

२५० म्हणजे २५ची दहापट किंवा १२५ची दुप्पट, इथरनेटकडे बोट जातं. ३ डीबी शिल्लक म्हणजे काठावर. लॅब बदलली, केबल वेगळी वळली, की तेवढं इकडचं तिकडे होतं. इथरनेटच्या जॅकचे कानही यूएसबीसारखे पत्र्याला जोडलेत का? नसतील तर तिथून सुरुवात करा.

चोक उडवा, पण बोर्डावर त्यांची जागा ठेवा आणि तिथे प्रत्येकी दोन शून्य ओहमचे रेझिस्टर लावा. उद्या प्रिंटरच्या बाजूने काही आत आलं तर बोर्ड नव्याने करायची वेळ येऊ नये.

आणि क्लॉकचा ४७ पिकोफॅरड कायम करण्याआधी डबा थंडीत चालवून बघा. संकलन पहाटे पाचला असतं, डिसेंबरात तुमचा पडदा ८ अंशांवर उठणार आहे, भोसरीच्या टेबलावर नाही. शिवाय पुढच्या लॉटला पडदा दुसऱ्या कंपनीचा येऊ शकतो, त्याचा होल्ड टाइम वेगळा असेल. पिक्सेल थरथरले तर ३३ पिकोफॅरडवर या.

कथिलवाला_भोसरी

इथरनेटचे कान अधांतरीच आहेत. आज रात्री ब्लेड पुन्हा बाहेर. थंडीसाठी भागीदाराच्या घरचा फ्रीज ठरलाय, वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

सचिवांना फोन केला होता. नवा डबा ठेवल्यापासून शंभरच्या अलीकडे गाणी लागतात म्हणाले. अँटेना आम्हीच सरळ केली असं त्यांना वाटतंय.